बेळगावात तयारी, बर्फात गळ: थंडीतल्या ट्राउटचं फ्लाय फिशिंग कसं करायचं

ट्राउट आपल्याकडं नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको की खानापूरला कुठं मिळतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात सकाळी कानटोपी लागते, धुकंपण पडतं, पण मलप्रभेचं पाणी ट्राउटला लागतं तेवढं थंड नसतंच. ह्या माशाला साधारण १० ते १६ डिग्रीचं पाणी मानवतं, २० च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो आणि २५ च्या आसपास जीवावर बेततं. इंग्रजांनी तो काश्मीर, कुल्लू, निलगिरी, मुन्नार असा थंड डोंगराळ भाग बघून सोडला, आपल्याकडं सोडला असता तर पहिल्या एप्रिलमध्येच विषय संपला असता.

आणि दुसरं, डिसेंबरच्या सुट्टीत मनालीला जाऊलोय, रॉड घेऊन जाऊ का, असं विचारणारे बरेच असतात. नको. हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंदी असते कारण तेव्हा मासा अंडी घालतो. तिर्थन, सैंज, पब्बर, बास्पा, कुठंही जायचं तर मार्चपासून पुढं जावा.

मग हा लेख कुणासाठी? आपली उद्यमबागेत मशीन शॉपला चार वर्षं काढून बाहेर गेलेली पोरं, इंजिनीअरिंग करून डेन्व्हर, सॉल्ट लेक, ऑकलंडकडं गेलेली निपाणी-चिकोडी-खानापूरची पोरं, जी थंडीत सुट्टीला रूमवर पडून मोबाईल बघत बसतात. तिथं नदी बर्फात वाहत असते आणि त्यात मासा असतो. फ्लाय म्हणजे गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेला नकली किडा, आणि त्यानं मासा धरणं म्हणजे फ्लाय फिशिंग. लहानपणी घटप्रभेवर, हिरण्यकेशीवर गळ टाकलेला असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. आणि ज्यांचं जायचं अजून ठरलंय नुसतं, त्यांनी तर बेळगावात असतानाच अर्धं शिकून जावं, ते कसं ते पुढं सांगतो.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा

मासा थंड रक्ताचा. पाणी ४ डिग्रीला आलं की त्याचं शरीर पार मंद चालतं, खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, त्यामुळं त्याला भूक कमी आणि पळायची तयारी तर अजिबात नाही. उन्हाळ्यात ट्राउट चार फूट लांब जाऊन किडा पकडेल, थंडीत तो तळाला बसून राहतो आणि अगदी तोंडासमोरून, त्याच्याच उंचीवरून, पाण्याच्याच वेगानं काही गेलं तर तोंड उघडतो. बास. थंडीतलं सगळं फ्लाय फिशिंग ह्या एका गोष्टीतून निघतं: कुठं उभं राहायचं, किती शिसं लावायचं, किती वाजता जायचं, सगळं. म्हणून नवीन माणूस मासा लागत नाही म्हणून डबा उघडून फ्लायवर फ्लाय बदलत बसतो तेव्हा मला सांगावंसं वाटतं, फ्लाय राहू दे बाबा, आधी वजन आणि खोली बदल.

कुठली नदी

थंडीत नेहमीच्या डोंगरी नद्या बऱ्याच ठिकाणी गोठतात किंवा बर्फाच्या चुऱ्यानं भरतात. म्हणून धरणाच्या खालची नदी शोधायची, त्याला तिकडं टेलवॉटर म्हणतात. कारण सोपं आहे. पाणी सगळ्यात जड ४ डिग्रीला असतं, म्हणून वर बर्फाचा थर झाला तरी खोल तळाशी साधारण ४ डिग्रीचं पाणी राहतं, आणि धरणातून सोडतात ते खालचं पाणी. त्यामुळं हवा उणे १५ असली तरी धरणाखालची पहिली काही मैल नदी गोठत नाही, आणि मासा तिथंच गोळा असतो. जितकं खाली जाल तितकं पाणी गार होत जातं, म्हणजे थंडीत धरणाजवळ राहा.

नावं पाहिजेत तर कोलोराडोत साउथ प्लॅटचा डेकर्स आणि चीझमन कॅन्यनचा भाग, रूडी धरणाखालची फ्राइंगपॅन, न्यू मेक्सिकोत नवाहो धरणाखालची सॅन वान, युटात फ्लेमिंग गॉर्जखालची ग्रीन, ह्या सगळ्या हिवाळ्यात चालणाऱ्या नामी जागा आहेत. न्यूझीलंडला असाल तर हिवाळा जून ते सप्टेंबर, तुरांगीजवळची टोंगारिरो नदी त्याच काळासाठी प्रसिद्ध, तलावातून मोठे रेनबो ट्राउट वर चढतात. इंग्लंडवाल्यांनी मात्र थांबावं, तिथं नदीतल्या ब्राउन ट्राउटला हिवाळ्यात बंदी असते, पण ग्रेलिंग नावाचा त्याचा नातेवाईक असतो तो १४ मार्चपर्यंत चालतो आणि खालची सगळी पद्धत त्यालाही जशीच्या तशी लागू पडते.

लायसन्स सगळीकडं लागतं, ऑनलाईन निघतं. आणि कुठल्या पट्ट्यात फक्त फ्लाय चालते, कुठं मासा सोडावाच लागतो हे वाचून जावा, नुसतं गेटवरच्या बोर्डावर अवलंबून राहू नका.

हिडकलमधून पाणी सोडलं की घटप्रभा कशी चढते हे आपल्याला सांगायला नको, तिकडंही तेच. पाणी किती सोडलंय हे अमेरिकेत सरकारी वेबसाईटवर तासातासाला दिसतं, निघायच्या आधी बघायचं, आणि धरणाजवळ सायरन वाजला की काठावर यायचं, मासा लागलेला असला तरी.

सामान

रॉड ९ फुटी ५ वेट (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) एवढा एकच पुरे. कुणी १० फुटी ४ वेट सांगेल, ते चांगलंच आहे पण पहिल्यांदा नको. रील साधं चालतं, फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाईन, तिच्या पुढं निमुळती होत जाणारी ९ फुटी पारदर्शक दोरी म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला फ्लाय बांधायची बारीक दोरी म्हणजे टिपेट, फ्लोरोकार्बनचं, ५एक्स आणि ६एक्स.

हे एक्स म्हणजे काय ते उद्यमबागवाल्यांना एका ओळीत कळेल: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, तेवढे थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाडी. ५एक्स म्हणजे ६ थाऊ, साधारण ०.१५ मिलिमीटर. ६एक्स म्हणजे ५ थाऊ. मायक्रोमीटर लावून बघा, स्वस्त माल असला तर लिहिलेलं एक आणि निघतं भलतंच. थंडीत पाणी काचेसारखं स्वच्छ असतं म्हणून बारीक टिपेट लागतं, पण ७एक्सच्या नादाला लागू नका, गार बोटांनी त्याची गाठ नीट बसत नाही.

वजनासाठी छोटे स्प्लिट शॉट, म्हणजे दोरीवर चेपून बसवायचे चिरलेले गोळे, आणि टंगस्टनच्या मण्याच्या फ्लाय. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३, पितळेची साडेआठच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आकारात टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड. पैसे जास्त जातात पण थंडीत तळ गाठायचा तर हेच पैसे वसूल होतात. शिशाच्या शॉटवर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, इंग्लंडमध्ये तर १९८७ पासून, तिथं टिनचे घ्यायचे.

कपडे. कॉटन अंगाला लागता कामा नये, आतला बनियनसुद्धा नको. कॉटन घाम धरतं आणि मग थंडी आतून सुरू होते. लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. वेडर्सच्या (पाण्यात उभं राहायची, पाणी न शिरणारी छातीपर्यंतची पँट) आत पायात दोन-दोन सॉक्स कोंबून बूट घट्ट केला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट लवकर बधिर होतो, म्हणून एकच जाड लोकरी सॉक्स आणि बूट एक नंबर मोठा. हातात बोटं उघडी असलेले लोकरी ग्लोव्ह्ज, आणि त्याच्या आत डॉक्टर घालतात ते पातळ नायट्रिलचे, दिसायला कसंतरी दिसतं पण मासा सोडताना हात ओले झाले तरी चालतं. खिशात छोटा टॉवेल. वेडर्सवरचा पट्टा कधीच विसरायचा नाही, पडलात तर पाणी आत भरायला तोच अडवतो. आणि गाडीत कोरड्या कपड्यांचा अख्खा एक सेट, हे ऐच्छिक नाही.

खायला शेंगदाण्याचे लाडू सगळ्यात भारी, थर्मासमध्ये चहा. भाकरी नेऊ नका, कडक होते.

बेळगावात असतानाच करायचं ते

पहिलं, कास्टिंग, म्हणजे रॉडनं लाईन फेकणं. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत, झाडं मागं नाहीत अशी जागा बघून, गळ न लावता पुढं लोकरीचा लाल तुकडा बांधायचा. फिरायला येणारे काका-मामा थांबून विचारणारच, काय करूलालैस म्हणून, सांगायचं मासे धरायला शिकूलोय, ते हसतील आणि पुढं जातील. थंडीच्या फिशिंगला लांब कास्ट लागत नाही, २० ते ३० फूट पुष्कळ. हवेत चार-चार वेळा लाईन फिरवायची सिनेमातली स्टाईल इथं उपयोगाची नाही, कारण इंडिकेटर (मासा लागला की कळावं म्हणून वर तरंगणारी खूण, आपल्या बुचासारखी), शिसं आणि दोन फ्लाय असल्या की गुंता होतो. एकदा मागं, एकदा पुढं, सावकाश आणि मोठ्या गोल वळणात. मनगट मोडायचं नाही.

दुसरं, वाहतं पाणी. जमिनीवर कास्टिंग येतं पण ड्रिफ्ट, म्हणजे फ्लाय धारेबरोबर आपसूक वाहू देणं, येत नाही, आणि खरी विद्या ड्रिफ्टमध्येच आहे. पावसाळा उतरल्यावर खानापूरला असोग्याच्या बाजूला मलप्रभा गुडघाभर, खडकातून वाहत असते तेव्हा तिथं जावा, देवळाच्या घाटापासून लांब, लोकांच्या श्रद्धेची जागा आहे. जानेवारीनंतर पाणी कमी होत जातं म्हणून लवकर गाठा. इथंही गळ लावायची गरज नाही. लोकरीचा इंडिकेटर, खाली शिशाचा एक शॉट, एवढंच. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि बघा, इंडिकेटर शेजारच्या फेसाच्या बुडबुड्याच्या बरोबरीनं चाललाय की पुढं ओढला जातोय. ओढला जात असेल तर मधल्या वेगवान धारेनं लाईनचं पोट खाली नेलंय, ते पोट रॉडच्या टोकानं उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं, ह्याला मेंडिंग म्हणतात. इंडिकेटर न हलवता मेंड करता आला पाहिजे. दोन-तीन रविवार घालवा ह्याच्यावर, कोलोराडोला जाऊन गाईडला दिवसाचे पैसे देऊन हेच शिकण्यापेक्षा बरं.

चिलापी वगैरे बारीक मासा प्रत्यक्ष धरून बघायचा असेल तर तळ्या-धरणांवर मासेमारीचा ठेका दिलेला असतो, आधी विचारून घ्या. आणि चिकोडी-रायबाग-अथणीकडच्यांनी प्रॅक्टिसच्या नावाखाली कृष्णेत उतरू नका, मगरी आहेत, काठावरनं काय ते करा. भीमगडच्या अभयारण्यात तर रॉड घेऊन जायचंच नाही.

तिसरं, गाठी. क्लिंच नॉट आणि सर्जन्स नॉट, दोनच. घरात टीव्ही बघत बघत बांधा, मग डोळे मिटून बांधा, मग फ्रीजमधल्या पाण्यात हात बुडवून बांधा. चेष्टा नाही, नदीवर बोटं तशीच असणार आहेत.

फ्लाय कुठल्या

थंडीत नदीत किडे कमी असतात, पण मिज नावाचे डासासारखे न चावणारे बारीक किडे वर्षभर निघतात आणि ट्राउटचं हिवाळ्यातलं मुख्य जेवण तेच. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, आणि मिजसाठी १८ ते २४ लागतो. २० नंबरची फ्लाय जिऱ्याच्या दाण्याएवढी असते. पहिल्यांदा बघितल्यावर विश्वास बसत नाही की दोन किलोचा मासा ह्याच्यासाठी तोंड उघडेल.

झेब्रा मिज काळा आणि लाल, हा सगळ्यात आधी. बांधायला इतका सोपा की घरीच बांधा: २० नंबरचा गळ, पुढं छोटा मणी, काळा दोरा मण्यापासून मागं वाकापर्यंत आणि परत गुंडाळायचा, वरून बारीक चंदेरी तारेचे पाच-सहा वेढे, गाठ, संपलं. तांब्याची तार पाहिजे तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तुकडे मिळतात. फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्यातल्या कच्च्या किड्यासारखी, बुडणारी फ्लाय) दुसरा, हा इंग्लंडच्या एव्हन नदीवरच्या फ्रँक सॉयर नावाच्या नदी-राखणदारानं काढला, त्यानं तर दोरासुद्धा वापरला नाही, पिसाचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावर भागवलं. त्याशिवाय आरएस२, थोडे १४-१६ नंबरचे हेअर्स इअर, सॅन वान वर्म म्हणजे लाल गांडुळासारखं, आणि अंड्यासारखी गोळी. एक-दोन वूली बगर. ढगाळ दुपारी पाण्यावर तोंडं दिसायला लागली तर ग्रिफिथ्स नॅट, पण ती चैन समजायची.

पाण्यावर: दिवस कसा जातो

सकाळी सातला पोचायचं हे आपल्या गळवाल्यांचं गणित तिकडं विसरा. रात्रीच्या गारठ्यानं पहाटे नदीतून बर्फाचा चुरा वाहत असतो, त्यात लाईन टाकणं म्हणजे वेळ घालवणं. ११ ते ३, हीच वेळ. नाष्टा करून निघा. पाण्याचं थर्मामीटर जवळ ठेवा आणि तासाभरानं परत मोजा, नुसता आकडा किती आहे त्यापेक्षा तो वर चाललाय का हे महत्त्वाचं, ४ वरून ५ झाला तरी मासा हलतो. दोन-तीन दिवस हवा उबदार राहिली, ढगाळ आहे, वारा नाही, असा दिवस मिळाला तर काम सोडून जावा. कडक थंडीची लाट आली त्या पहिल्या दिवशी घरी बसा.

जागा ओळखायची ती अशी: पांढरं फेसाळ खळखळणारं पाणी सोडून द्या, उन्हाळ्यात मासा तिथं असतो, आता नाही. खळखळ संपून पाणी जिथं खोल आणि संथ होतं, चालत्या माणसाच्या वेगानं किंवा त्याहून हळू, त्या डोहाचा पोटाचा आणि शेवटचा भाग बघा. वेगवान धार आणि संथ पाणी जिथं एकमेकाला घासतं ती रेघ असते, तिच्या आतल्या संथ बाजूला मासा बसतो, खाणं धारेतून येतं आणि त्याला ताकद लावावी लागत नाही. ऊन पडलेला काठ सावलीतल्या काठापेक्षा बरा. आणि एका जागी एक मासा असला की तिथं दहा असतात, थंडीत ते गर्दी करतात, म्हणून लागला तर हलू नका.

आता जुळणी. लीडरवर वर इंडिकेटर, तो खाली शिशापासून किती लांब ठेवायचा, तर पाण्याच्या खोलीच्या दीडपट. चार फूट पाणी असेल तर सहा फूट, कारण धारेत दोरी तिरकी पडते. खाली स्प्लिट शॉट, त्याच्याखाली ६ ते ८ इंचावर पहिली जड फ्लाय, तिच्या गळाच्या वाकाला बांधून १५-१६ इंचावर दुसरी बारीक मिज. ह्या जुळण्या रात्री गरम खोलीत बांधून फोमच्या तुकड्यावर गुंडाळून न्या, नदीवर नुसतं जोडायचं.

काठावरून, पाण्यात पाय न टाकता सुरू करा. जवळच्या पट्ट्यातून पंधरा-वीस ड्रिफ्ट, मग फूटभर पुढचा पट्टा, मग आणखी फूटभर. उन्हाळ्यात तीन टाकून पुढं जातात तसं करू नका, मासा बाजूला सरकत नाही म्हटल्यावर फ्लायच त्याच्या रेघेत गेली पाहिजे, आणि एक फुटानं चुकली तरी चुकली. सरावात इंडिकेटर बुडबुड्यांच्या बरोबरीनं चालला तरी पुरे होतं, इथं मात्र तो वरच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालला पाहिजे, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू असतं. बरोबरीनं चाललाय म्हणजे फ्लाय मधेच कुठंतरी तरंगतेय. दर चार-पाच ड्रिफ्टला शॉट तळाला टेकून इंडिकेटर जरा अडखळला तर वजन बरोबर. कधीच अडखळत नसेल तर एक शॉट वाढवा, दर वेळी अडकत असेल तर एक काढा किंवा इंडिकेटर सहा इंच खाली घ्या. हे करत राहायचं, प्रत्येक डोहाला नव्यानं.

थंडीतला ट्राउट खेचत नाही. आपल्याकडं मरळ बुच घेऊन जातो तसलं काही होणार नाही. इंडिकेटर नुसता थांबतो, किंवा थोडा कलतो, किंवा शेजारच्यापेक्षा हळू होतो. काही शंका आली तर रॉड उचला, झटका न देता, प्रवाहाच्या खालच्या बाजूला फूटभर. दहापैकी नऊ वेळा दगड असतो, असू दे.

लागल्यावर बारीक टिपेट आहे म्हणून जोर करू नका, पण खेळवतही बसू नका. जाळं पाण्यातच ठेवून मासा त्यातच ठेवायचा, हात ओले करून गळ काढायचा, गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीनं चेपलेला असावा. हवा शून्याखाली असेल तर मासा पाण्याबाहेर अजिबात काढू नका, कल्ले आणि डोळे गारठून इजा होते. फोटो पाहिजे तर पाण्यातला काढा. घरच्यांना व्हॉट्सअपवर दोन हातात धरलेला मासा दाखवायचाय म्हणून तो मारायचा का?

बर्फ

रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, लाईन अडकते. रॉड वाकवून किंवा आपटून तो फोडू नका, टोक मोडतं. टोक पाण्यात क्षणभर बुडवायचं, पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. कड्यांना आधी लिप बाम किंवा व्हॅसलिन चोळलं तर कमी धरतो. लाईन जितकी कमी आत-बाहेर ओढाल तितकं बरं, म्हणून ठरावीक लांबीवर फिशिंग करा. आणि रील पाण्यात बुडवू नका, गोठलं की फिरत नाही.

काठाला बर्फाची फळी बाहेर आलेली असते, खाली पाणी पोखरून गेलेलं असतं, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, हातात काठी पाहिजे. ४ डिग्रीच्या पाण्यात पडलात तर काही मिनिटांत हात-पाय ऐकेनासे होतात, पोहता येतं ह्याचा उपयोग नाही. एकटे जाऊ नका. सोबतचा असंबद्ध बोलायला लागला, हातातल्या वस्तू सांडायला लागला, आणि मला काही होत नाही म्हणायला लागला की फिशिंग तिथंच बंद, गाडीत घेऊन ओले कपडे काढायचे.

पाण्यात उतरताना अजून एक बघायचं. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाला अंडी घालतो, मादी शेपटीनं खडी साफ करून खड्डा करते आणि अंडी त्यातच पार वसंतापर्यंत राहतात. तळाला बाकी सगळं शेवाळलेलं आणि मधेच ताटाएवढा किंवा त्याहून मोठा पांढरट स्वच्छ खडीचा पट्टा दिसला तर तिथं पाय द्यायचा नाही आणि त्यावर बसलेल्या माशाला फ्लाय टाकायची नाही. एका पावलात शेकडो अंडी जातात.

बॅगेतलं

बूट घेताना तळ रबराचा घ्या. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तळाला बर्फ चिकटून उंच टाचा तयार होतात, आणि न्यूझीलंडसारख्या ठिकाणी फेल्टवर बंदीच आहे. तिथं विमानतळावर वापरलेलं फिशिंगचं सामान जाहीर करावं लागतं, ओलं किंवा चिखल लागलेलं असलं तर अडकवून ठेवतात, म्हणून धुऊन पार वाळवून न्या. आणि हौसेनं मोराच्या पिसाची फ्लाय बांधून नेणाऱ्यांसाठी: मोरपीस देशाबाहेर न्यायला आपल्याच कायद्यानं बंदी आहे, गावाकडं कितीही पडलेली मिळाली तरी. दोरा, तार आणि मणी ह्यांच्या झेब्रा मिज डबाभर न्या, त्याला कस्टमवाले काही म्हणत नाहीत.